बिनपुठ्ठ्याचं पुस्तक

माननीय अधीक्षक साहेब,

तुमच्या तुरुंगात वारलेल्या माझ्या भावाचे कपडे आणि चष्मा परत देताना तुम्ही मला स्वतः लिहिलेलं पुस्तक सही करून दिलंत. "त्याला वाचनाची आवड होती," असंही म्हणालात. मी नुसती मान हलवली. तेव्हा गिळलेलं आता लिहिते आहे, टपालात मात्र टाकणार नाही.

कच्च्या कैद्यांचे हाल सांगणारं हेच पुस्तक त्यानं माझ्याकडे मागितलं होतं. त्याचा खटला उभाच राहत नव्हता. "साहेबांनीच लिहिलंय, म्हणजे त्यांच्याशी बोलता येईल," असं त्याला वाटायचं. मी घेऊन गेले, तर फाटकावरचे शिपाई म्हणाले, "बाई, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आत जात नाही." मी तिथेच पुठ्ठा फाडला. मग त्यांनी दोन पानं चाळली. "हे तर जेलबद्दल आहे. जेलचं पुस्तक जेलमध्ये चालत नाही."

"अहो, तुमच्याच साहेबांचं आहे."

"असेल. साहेब तरी कुठे आत राहतात?"

भेटीच्या रांगेतली माणसं हसली. मीही हसले, त्याचा आता राग येतो. जाळीपलीकडून भाऊ म्हणाला, "राहू दे गं ताई, सुटल्यावर वाचीन."

खटल्याला तारीख मिळण्याआधीच तो गेला. तुमच्या सहीची प्रत मी उघडलेली नाही. बिनपुठ्ठ्याची मात्र रोज थोडी वाचते. कैद्यांना पुस्तकं का द्यावीत, यावर तुम्ही फार चांगलं लिहिलं आहे.

त्याची थोरली बहीण