सिस्टरने केलेली दाढी

सोमवार, ९ सप्टेंबर

लाडक्या आणि सध्या फुगून बसलेल्या ताईस,
धाकट्याचा वाकून नमस्कार.

तू फोनवर हिला काय म्हणालीस ते कळलं. "बहिणीशी बोलायला त्याचं तोंड शिवलंय का?" हिने जसंच्या तसं सांगितलं, तुझ्या ठसक्यासकट. राग बरोबर आहे तुझा. ऑपरेशन झालं की पहिला फोन तुला, असं मीच म्हणालो होतो. आता टाके काढायची वेळ आली तरी माझा पत्ता नाही. तुझा फोन आला की ही म्हणते झोपलेत, नाहीतर अंघोळीला गेलेत. एवढ्या अंघोळी मी जन्मात केल्या नसतील.

म्हणून हे पत्र. अक्षराला हसू नकोस.

प्रकृती ठीक आहे. घशातली गाठ काढली. सगळी निघाली असं डॉक्टर म्हणतात. खिडकीजवळची कॉट मिळालीय, खाली धोबीखाना दिसतो. शेजारच्या कॉटवर एक बस ड्रायव्हर आहे. त्याच्या जबड्याला पट्ट्या, त्यामुळे तो डोळ्यांनीच सगळ्यांना ओव्हरटेक करत असतो. सलून बंदच आहे. गिऱ्हाइकं समोरच्याकडे जात असतील. जाऊ देत, चार दिवस त्याच्या हातून कान कापून घेतले की परत येतील.

तुला सांगायचंय ते इथल्या सिस्टरबद्दल. तिला आम्ही हवालदारीण म्हणतो. अंगाने भरलेली, चालताना बूट चुईंचुईं वाजतात. वॉर्डात शिरली की भेटायला आलेले लोक आपोआप कॉटवरून उठतात. "उशी इथे का? पाणी कोणी सांडलं? ह्यांचे पाय बाहेर का?" तोंडाचा पट्टा चालूच. पण हात! ताई, मी हाताची पारख असलेला माणूस. पहिल्यांदा तिने माझं डोकं मागून धरून उचललं आणि उशी बदलली, तेव्हा मी डोळे मिटले. आयुष्यभर मी लोकांची डोकी हातात घेतली. माझं डोकं असं कुणी धरलं नव्हतं. डोकं जड असतं, पण धरणाऱ्याला येत असेल तर ज्याचं असतं त्याला ते हलकं वाटतं. ते तिला येतं.

जेवण आलंय. उरलेलं उद्या.

मंगळवार

काल हातचं राखून लिहिलं. जेवण आलंय म्हणालो, ते नाकातल्या नळीतून असतं. आता इथवर आलोच आहे, तर झालं तसं सांगतो.

गेल्या आठवड्यातली दुपार. ही खाली चहा प्यायला गेली होती. ड्रायव्हर झोपलेला. माझ्या गळ्याला पुढून एक भोक पाडलंय, त्यात नळी आहे. आता श्वास तिथूनच. त्या नळीत कफ अडकला. आधी शिट्टीसारखं वाजलं, मग तेही बंद. घंटा हातातून निसटून कॉटखाली गेली. मी ओरडलो. म्हणजे तोंड उघडलं, सगळा जोर लावला, आणि काहीच आलं नाही. वॉर्डात पंखा फिरत होता, कुणीतरी मोसंबं सोलत होतं, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध मी बुडत होतो.

हाताला स्टीलचा पेला लागला. कॉटच्या दांडीवर आपटला, पुन्हा आपटला. बूट पळत आले.

"माझ्याकडे बघा काका. इकडे तिकडे नाही, माझ्याकडे."

आतली नळी तिने ओढून काढली, सलाइनचे थेंब सोडले, कफ ओढायचं मशीन लावलं. छातीत वारा शिरला. तोंड पुसलं, नवी नळी बसवली. काम संपलं तरी गेली नाही. पाठीवर हात ठेवून बसून राहिली. मला रडू कोसळलं. तेही बिनआवाजी.

"रडलात की नळी पुन्हा चिकट होते," ती म्हणाली. मी आवरायला लागलो, तर माझ्यावरच ओरडली, "अहो, 'रडू नका' असं नाही म्हटलं मी. रडा. साफ करायला मी आहे ना."

दुसऱ्या दिवशी आरसा घेऊन हजर. नळी स्वतः साफ करायला शिकायची, म्हणजे गळ्याकडे बघायला हवं. मी तोंड फिरवलं. जन्म आरशासमोर काढलेला माणूस, पण तो आरसा मला बघवेना. बोलण्याऐवजी लिहायला दिलेल्या पाटीवर मी लिहिलं, "उद्या." तिने रोज आणला, मी रोज "उद्या" लिहिलं.

मग एका सकाळी ती आरसा न आणता साबण आणि रेझर घेऊन आली. "दाढी वाढलीय, नळीच्या पट्टीत अडकते." आणि सुरू झाली. ताई, काय सांगू! फेस पाण्यासारखा, रेझर उलटा, कानापाशी तर गवत कापल्यासारखं. मी पाटीवर लिहितोय, "कातडी ताणा", "वरून खाली", "अहो खाली!" ती म्हणते, "असं? की असं?" अर्धा गाल झाला, अर्धं शेत उभंच. शेवटी मी रेझर हिसकावून घेतला आणि हाताने खूण केली, आरसा द्या.

तिने झटकन दिला. ॲप्रनच्या खिशातच होता.

गाल झाला, हनुवटी झाली, आणि हात आपोआप गळ्यावर उतरला. मग बघितलं. बटणाएवढं भोक आहे. भोवतीची कातडी लाल, टाके ओबडधोबड. मी त्याच्याभोवती रेझर फिरवला, गिऱ्हाइकाच्या तिळाभोवती फिरवतो तसा, जपून.

त्याच दुपारी तिने ड्रायव्हरच्या मोकळ्या गालाची दाढी केली. लोण्यासारखी. मी बघतच राहिलो. तिने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही, पण ड्रायव्हरचे डोळे हसत होते. त्याला सगळं ठाऊक होतं.

आता नळी मीच साफ करतो. ती बाजूला उभी राहून चुका काढते.

काल हिने तुला पुन्हा "झोपलेत" सांगितलं, ते सिस्टरने ऐकलं. माझ्यापाशी येऊन म्हणाली, "काका, मी खोटं बोलत नाही. पुढचा फोन माझ्या हातात आला तर मी सांगून टाकीन." मी लिहिलं, "थांबा. मीच लिहितो." "एवढं काय आहे त्यात?" तिने विचारलं. ते मात्र पाटीवर मावणारं नव्हतं.

ताई, माझा आवाज गेलाय. बसलेला नाही, गेलाय. गाठीबरोबर स्वरयंत्रच काढावं लागलं. तुला फोनचं कबूल केल्यावर, ऑपरेशनच्या आधी मला सांगितलं होतं. सही माझीच आहे.

तुला कसं सांगणार होतो? शाळेत मी "म" म्हणायला लागलो की तो तोंडातून सुटेपर्यंत घंटा व्हायची. पोरं नक्कल करायची. तू मला पाण्याच्या टाकीमागे बसवून रोज संध्याकाळी बोलायला लावायचीस. घाई नाही, म्हणायचीस, मला कुठे जायचं नाहीये. तुझ्या मैत्रिणी खेळायच्या आणि तू माझा एक शब्द पुरा व्हायची वाट बघत बसायचीस. पुढे सलूनमध्ये मी दिवसभर लोकांना बोलून बेजार केलं, तो आवाज माझा नव्हताच, तू केलेला होता. तोच मी इथे देऊन आलो. फोन उचलून काय ऐकवू तुला?

तरी घाबरू नकोस. जखम भरली की बोलायला शिकवणाऱ्या बाई येणार आहेत. गळ्याला धरायचं एक यंत्र असतं, त्यातून बोलता येतं. भोंग्यासारखं वाजतं म्हणे. पहिले दिवस खूप अडखळायला होईल, असं सिस्टर म्हणाली. मी लिहिलं, "मला सवय आहे." तिला ते कळलं नाही. तुला कळेल.

गुरुवारी घरी सोडतायत. फोन करू नकोस, ये. माझ्यासमोर बैस आणि तुझा सगळा राग बोलून घे. मधेच तोंड घालणार नाही, हे पहिल्यांदाच खात्रीने सांगतो. आणि मग त्या यंत्राने पहिला शब्द काढीन तेव्हा कुठे जाऊ नकोस. वेळ लागेल.

तुझाच,
बडबड्या