बावीस शून्यं

प्रिय आर्डिस,

तीन वर्षांपूर्वीचा आमचा तो मूल्यमापनाचा अहवाल कॉलेजला खरोखर कितीला पडला, हे परवा मी मोजायला बसलो. डीनबाई म्हणतात फुकटात झाला, कारण मास्तर लोक तसेही पगारावरच असतात. माझी बेरीज वेगळी आली. नऊ माणसांचे दोन अख्खे शुक्रवार, डोनटचे सहा खोके, नॅनने घरून करून पाठवलेलं वाइल्ड राइसच्या सूपचं सगळ्यात मोठं पातेलं, मुलांची नावं खोडता खोडता संपलेली चौदा काळी पेनं, आणि एक विषय. तुझा. अहवालाच्या शेवटच्या पानावर सूपाबद्दल नॅनचे आभार मानले आहेत. तुझा विषय 'केलेल्या सुधारणा' या मथळ्याखाली आहे.

तुझ्या नाताळच्या कार्डाला एप्रिलमध्ये उत्तर देतोय, तेव्हा रागावली असशील तर मला मान्य आहे. इकडे ठीक चाललंय. तळ्यावरचं बर्फ एकोणीस तारखेला वितळून गेलं. क्लेटनने दहा तारखेवर पैज लावली होती. गणिताचा मास्तर असून तो दर वर्षी हरतो आणि दर वर्षी सांगतो की त्याचं सूत्र बरोबर आहे, तळंच चुकतंय. नॅनचा गुडघा बरा आहे, म्हणजे ती आता त्याबद्दल फक्त जेवताना बोलते. तुझं कार्ड तिने फ्रिजवर लावलंय, चित्राची बाजू पुढे. मागची बाजू मी एकट्यानेच वाचली. तू लिहिलंस की ड्युलुथमधलं कापडाचं दुकान बरं आहे, बहीण फार टोकत नाही, आणि मग मध्येच एक ओळ, 'आकडे कशाला खोटं बोलतील, ओरिन. अठरा वर्षं मी पोरांना म्हाताऱ्या माणसांसमोर गप्प बसायला शिकवलं. विचार करायला शिकवलं नाही, हे कुणीतरी मोजून दाखवलं ते बरं झालं.' आणि लगेच पुढच्या ओळीत पडद्यांच्या कापडावरची सवलत.

त्या ओळीला उत्तर द्यायला मला चार महिने लागले. आता थांबता येत नाही, कारण येत्या गुरुवारी समितीची बैठक आहे. नियम तुला माहीत आहे. जो विषय तीन वर्षं शिकवला गेला नाही, तो कॉलेजच्या यादीतून कायमचा काढतात. गुरुवारी तुझ्या 'गावाचा तोंडी इतिहास'ची तीन वर्षं पुरी होतात. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही, तर तो विषय गेला. मग तो परत आणायचा म्हटलं तर नवा विषय म्हणून सगळं पहिल्यापासून, आणि तेवढा उत्साह या कॉलेजात मी पार्किंगच्या भांडणाशिवाय कशासाठीच पाहिलेला नाही.

तुझं माझ्यावर काय ऋण आहे ते आपण दोघं कधी बोललो नाही. मी लोकांना सांगत फिरतो की मी स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला माणूस आहे, आणि ते बरंचसं खरं आहे. कागदगिरणी बंद पडली तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो, दोन मुलं, आणि हातात एकच कला, की मशीन कुठे दुखतंय ते आवाजावरून सांगता येतं. वेल्डिंग शिकायला याच कॉलेजात आलो. वेल्डिंग जमलं, कारण तेही कानाचंच काम आहे. टाका नीट बसत असला की तव्यावर बेकन तळल्यासारखा आवाज येतो. पण पदवीसाठी दोन निबंध लिहावे लागायचे आणि तिथे माझी दातखीळ बसली. तू लेखन-मदत केंद्रातल्या त्या खिडकी नसलेल्या खोलीत बसायचीस. मी साखळी-करवतीबद्दल लिहिलेलं पान तुझ्यापुढे टाकलं. तू ते वाचलं नाहीस, मला मोठ्याने वाचायला लावलंस. मी वाचायला लागलो आणि तिसऱ्या वाक्याला स्वतःच थांबलो. तू म्हणालीस, 'का थांबलास?' मी म्हणालो, 'मी असं बोलतच नाही.' तू म्हणालीस, 'मग असं लिहितोस कशाला?' एवढाच धडा. त्यावर मी निबंध काढले, नोकरी काढली, आणि पुढे मास्तर झालो.

आणि मास्तर झालो तसा समितीवरही गेलो. वेल्डिंगवाल्याला मूल्यमापन समितीचा अध्यक्ष केलं तेव्हा इंग्रजीवाले हसले होते. पण मला ते काम आवडायचं. नर्स होणारी पोरगी असो की डिझेल इंजिनवाला पोरगा, दोन वर्षांत त्याला लिहिता, आकडेमोड करता आणि विचार करता यायला लागलं का, हे बघायचं. दर विषयातून पेपर मागवायचे, नावं खोडायची, आणि दोघादोघांनी वाचून चौकटीत आकडे भरायचे. शून्य ते चार. विचारशक्तीच्या चार चौकटी तुला आठवत असतील: प्रश्न नीट मांडला का, पुरावा दिला का, दुसऱ्याची बाजू पाहिली का, आणि शेवटी स्वतःचा निष्कर्ष काढला का. सरासरी दोनच्या वर आली तर विषय सर्व शाखांसाठीच्या विषयांच्या यादीत राहतो. खाली आली तर त्या यादीतून जातो, मग विद्यापीठात त्याचं क्रेडिट धरत नाहीत, मग मुलं नाव घालत नाहीत, आणि अर्धवेळ मास्तरीण बहिणीकडे ड्युलुथला जाते.

कुणाचे पेपर कुणी वाचले हे गुप्त असतं. तुझे बावीस पेपर मी आणि क्लेटनने वाचले. हे मी तुला आजवर सांगितलेलं नाही.

पहिल्या तीन चौकटी चांगल्या भरत होत्या, दोन, तीन, दोन, अधूनमधून चार. शेवटच्या चौकटीपाशी क्लेटन अडला. म्हणाला, 'ओरिन, पोरानं स्वतःचा निष्कर्ष कुठे लिहिलेलाच नाही. मी ही रिकामी सोडतोय.' मी म्हणालो, 'रिकामी म्हणजे आळस, क्लेटन. माझ्याकडे जोडावर टाकाच नसला तर मी मुलाला काय देतो? शून्य देतो.' तो म्हणाला, 'नियमात रिकामी सोडायची सोय आहे.' मी म्हणालो, 'सोय कामचुकारांसाठी असते. तू डोनट खा आणि शून्य लिही.' त्याने डोनट खाल्ला आणि शून्य लिहिलं. तू क्लेटनला ओळखतेस. भांडायला त्याला सूत्र लागतं, आणि त्या दिवशी त्याच्याजवळ सूत्र नव्हतं.

त्यातला एक पेपर मला अजून पाठ आहे. कुणा पोराने हॅल्मार ओस्टबीला बोलतं केलं होतं, तोच तो एक्क्याण्णव वर्षांचा, जो तळ्यावरून बर्फाचे ठोकळे कापून आणायचा. 'चार इंच बर्फ माणसाला पेलतं हे पुस्तकात आहे. पण ते चार इंच आहे का, हे पुस्तकाला नाही, बर्फाला विचारायचं. काठीने ठोकायचं आणि गप्प राहायचं. जाड बर्फ ठक्क म्हणतं. पातळ बर्फ उत्तर द्यायला उशीर करतं.' मग कंसात खोकला. मग, 'माझ्या भावाला थांबायचा धीर नव्हता.' आणि पेपर संपला. पोराने स्वतःचं एक वाक्य घातलं नव्हतं. मी तो पेपर दोनदा वाचला, क्लेटनलाही वाचून दाखवला, तो बराच वेळ चष्मा पुसत बसला. मग मी शेवटच्या चौकटीत शून्य लिहिलं आणि पुढचा घेतला.

सरासरी एक पूर्णांक आठ आली. तुला तेवढंच कळवलं. कुठल्या चौकटीत काय पडलं हे मास्तरांना कळवत नाहीत, तेही नियमाने. तू खोलीच्या किल्ल्या माझ्याच टेबलावर आणून ठेवल्यास आणि विचारलंस, 'फार वाईट होते का रे?' मी म्हणालो, 'आकडे आहेत, आर्डिस.' मला तेव्हा ते उत्तर सभ्य वाटलं होतं.

पुढचं सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगतो. कॉलेजला मान्यता देणारी मंडळी पाहणीला आली, आणि खूश झाली. बहुतेक कॉलेजं नुसतं मोजतात, तुम्ही मोजून त्याप्रमाणे वागलात, असं त्यांनी लेखी दिलं. पुरावा म्हणून तुझा विषय. मला शिकागोला बोलावलं. हॉटेलात दोनशे माणसं, नावाचा बिल्ला, आणि व्यासपीठावर मी, टाय बांधून. कुणीतरी विचारलं की तुमचे आकडे इतके नेटके कसे. मी म्हणालो, 'मी वेल्डर आहे. चौदा वर्षांत एक पेपर अर्धवट वाचलेला नाही. पहिल्या शब्दापासून शेवटच्या पिनेपर्यंत वाचतो.' लोक हसले आणि टाळ्या वाजल्या. नॅनने तो फोटो बैठकीच्या खोलीत लावलाय.

इकडे वृद्धाश्रमाची ब्यूला मला किराणा दुकानात दोनदा गाठून गेली. पहिल्यांदा म्हणाली, 'ती रेकॉर्डिंगवाली पोरं यायची बंद का झाली? आमची माणसं मंगळवारी अजून केस विंचरून बसतात.' मी म्हणालो, कॉलेजचं धोरण बदललं. दुसऱ्यांदा म्हणाली, 'तीन वर्षांत अकरा गेले, ओरिन. धोरण सांगायला आता तूच ये.' हॅल्मार त्या अकरात नाही. तो त्याआधीच, पेपर लिहिला गेला त्याच हिवाळ्यात गेला.

आता हे पत्र कशासाठी ते. मी या उन्हाळ्यात निवृत्त होतोय आणि समितीचं काम नर्सिंगच्या डेनीसकडे जातंय. गेल्या सोमवारी तिला शिकवायला म्हणून मी जुने गठ्ठे काढले, आणि हॅल्मारचा पेपर आवडता म्हणून मुद्दाम तुझाच गठ्ठा घेतला. तिने शेवटच्या चौकटी पाहिल्या. म्हणाली, 'बावीस मुलं, आणि बावीसच्या बावीस शून्य? ओरिन, आम्ही रक्तदाब घेतलाच नसेल तर तिथे शून्य लिहीत नाही. शून्य म्हणजे माणूस मेलेला.' मग तिने पेपर उलटा केला आणि विचारलं, 'हे मागे काय जोडलंय?' तू मुलांना दिलेला गृहपाठाचा कागद होता, अर्ध्या पानाचा. 'माणसाला बोलू द्या. त्याचेच शब्द लिहा, खोकलासुद्धा. स्वतःचं मत आणि निष्कर्ष एका अक्षराने घालू नका. घातलात तर गुण कापीन.' जे करू नका म्हणून तू बजावलंस, ते केलं नाही म्हणून मी तुझ्या मुलांना शून्य दिलं. ती चौकट, मागितलेलीच नाही म्हणून, नियमाप्रमाणे रिकामी सोडली तर तुझी सरासरी दोन पूर्णांक चार येते. क्लेटनने तीन वेळा काढली, तो रडवेला झाला होता. डीनबाईंना मी त्याच दिवशी सांगितलं. त्या म्हणाल्या, 'त्या अहवालावर आपल्याला शाबासकी मिळालीय, ओरिन. आता तूच जाऊन तो खोडणार?' मी म्हणालो, विचारायला आलेलो नाही, गुरुवारच्या यादीत चौथ्या क्रमांकावर घातलंय, पार्किंगनंतर. नऊ मतं आहेत, कशी पडतील सांगता येत नाही. विषय राहिला तरी परत यायचं की नाही हे तुझं तू ठरव, मी आग्रह करायच्या लायकीचा नाही. पण ही गोष्ट तुला गावातल्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी, आणि कार्डावरची ती ओळ तू मागे घ्यावीस, म्हणून लिहितोय. तुझ्या मुलांना विचार करता येत होता. मी बावीस पेपर वाचले, काही दोनदा, आणि तुझा कागद बावीसही पेपरांच्या मागे जोडलेला होता. मी एकही पेपर उलटून पाहिला नव्हता.

तुझाच,
ओरिन