लिफ्टपाशी आलेली हाक

ताई, प्रभूमध्ये तुला सलाम.

हो गं बाई, जेवते वेळेवर. इतकी की सगळे ब्लाउज उसवून सैल करावे लागले! तुझा गुडघा कसा आहे? भावजींना म्हणावं, चहा तरी स्वतः करा.

इथे मी हॉस्पिटलातल्या चादरींची गाडी नेते. ती पुढे ढकलली की चाक अडतं, म्हणून ओढत ओढत लिफ्टमध्येही पाठमोरीच शिरते. मंगळवारी तशीच शिरत होते, तर अगदी कानाशी आवाज आला, "थांब, ठमे."

मी थांबले. वळून बघते तर दार उघडं आणि आत लिफ्टच नाही. नुसता काळा खड्डा, खालून गार वारा. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. मला ठमी म्हणणारी आता तू एकटीच उरलीस. आणि आवाज पुरुषाचा होता, पण ह्यांचा नव्हता.

मागाहून जिन्याने धावत आलेला लिफ्टवाला ते बघून पांढराफटक पडला. "मावशी, नशीब तुमचं!"

"नशीब कसलं मेल्या, माझा मेंढपाळ आहे," मी ठसक्यात म्हटलं.

तू म्हणशील, रोज प्रार्थना करतेस म्हणून त्याने वाट दाखवली. ताई, चर्चमध्ये मी नुसते ओठ हलवते. हे गेल्यापासून मी देवाशी अबोला धरलाय. तो मात्र माझ्याशी बोलतोय, आणि मला त्याची भीती वाटते.

तुझी धाकटी