पाय खाली सोडायचे नाहीत

८ सप्टेंबर २००२

टिकेश पोहण्यात नापास. दुसऱ्यांदा.

सकाळी मुन्नालालच्या बूथवर त्याचा फोन आला. आम्ही तिघं गेलो होतो — माय, बाबा आणि मी, त्याची 'बाई', थोरली बहीण. धावण्यात पहिल्या पाचांत आहे म्हणाला. कवायत बरी. जेवण बरं, भात मात्र जाड. मग थांबला. "बाई, पोहण्यात अडकलो."

ओरिसातली नौदलाची शाळा. तिथे गावतलावातला पोरगा पोहण्यात अडकतो. चालायच्या आधी पोहला, असं माय सगळ्या मुर्री गावात सांगत फिरते.

मुन्नालालने ऐकलं होतंच. "समंदर की नौकरी और पानी में फेल!"

बाबा बूथच्या बाहेर उभे राहिले. मी रिसीव्हर पुढे केला. त्यांनी नको अशी मान हलवली.

११ सप्टेंबर

कॉलेजातलं शिकवणं आटोपून उदारामकाकांकडे. नौदलातून सुटून त्यांना बरीच वर्षं झाली. नाव अजून राखीव दलात आहे म्हणतात. जानेवारीत सीमेवर फौजा गेल्या तेव्हापासून त्यांची पिशवी दाराशी भरलेली आहे. काकू तिच्यावर सूप ठेवतात.

"लढाई डोंगरात होईल, काका. तुम्हाला कोण बोलावणार?"

"नाई बोलावन. पण तयार राहाले काय जाते?"

त्यांनी सगळी नोकरी जमिनीवर केली. आधी सामानाचं कोठार, नंतर अशाच एका शाळेच्या पोहण्याच्या टाकीवर. जमिनीवरच्या तळालाही जहाजासारखंच नाव असतं. फाटकाबाहेर बाजाराला निघालं तरी 'किनाऱ्यावर जाऊन राहिलो' म्हणायचं. समुद्रात ते एकदाच गेले, दिवसभरासाठी, पाहुण्यासारखे. "उलट्या करून आलो," म्हणाले. "पन एक जहाज पाण्यात राहाले किती लोक जमिनीवर लागते, हे कोनाले दिसत नाई."

मग टिकेशचं. उंच फळीवरून पाय खाली ठेवून उडी, नंतर पाण्यात उभं राहून तरंगणं. जहाज सोडायची वेळ आली तर हेच करावं लागतं. टिकेश हवेतच आडवा होतो. पोटावर आपटतो. पाण्यात त्याचे पाय खाली जातच नाहीत.

"तलावातले पोट्टे असेच," काका म्हणाले. "कोनं शिकवलं त्याले?"

"बाबांनी."

"मंग त्याच्या बापानंच सोडवलं पाह्यजे. मास्तरचं नाई ऐकत ते पाय."

१२ सप्टेंबर

पोट वर, पाय वर. खाली सोडले की वेल धरते.

आमच्या घरात हे देवाच्या नावासारखं होतं. तलावाचा अर्धा भाग शिंगाड्याचा. वेल खाली दोरखंडासारखी. बाबांनी दोघांना, भुवनेश्वरदादाला आणि टिकेशला, एका उन्हाळ्यात शिकवलं. पोटाखाली हात धरून. पाय जरा खाली गेला की पोटरीवर चापट. मला शिकवलं नाही. मुलींना कोण शिकवतं.

१५ सप्टेंबर

पुन्हा बूथ. तिसरी परीक्षा दसऱ्यानंतर. तीच शेवटची. नापास झाला तर घरी.

टिकेशचा आवाज बारीक होता. "उभा राहाले गेलो की दादा दिसते, बाई."

मी म्हटलं, नीट जेवत जा.

१६ सप्टेंबर

वर्गात कविता शिकवली. कोणी ऐकत नव्हतं. मीही.

२२ सप्टेंबर

माय रोज दिवा लावते. आज विचारलं, काय मागतेस. म्हणाली, "येऊ दे ना घरी. कायले पाह्यजे समुद्र? एक पोरगा पान्यानं नेला."

म्हणजे ती नापास होण्यासाठी दिवा लावते. मी तेल कमी आहे एवढंच म्हटलं.

२९ सप्टेंबर

दादाबद्दल इथे कधी लिहिलं नाही. अकरा वर्षं झाली.

असेच दिवस. सांडवा वाहत होता, आत्ता वाहतो आहे तसाच. मी पाळीवर, तलावाच्या बांधावर, त्याचे कपडे राखत बसले होते. तो सतरा वर्षांचा, घरात सगळ्यांत उंच. पलीकडून पोहत आला आणि अर्जुनाचं वाळकं खोड पाण्यात उभं आहे, त्याच्याजवळ दमला. हात मारू लागला. पाय वरच होते. पाण्यावर त्याच्या टाचा दिसत होत्या, हे मला पक्कं आठवतं. मी ओरडत धानाच्या शेतात बाबांकडे पळाले. बाबा माझ्यापुढे धावले.

मी परत पोचले तेव्हा बाबा त्याला खांद्यावर घेऊन पाण्याबाहेर येत होते. पाळीवर ठेवलं. डोक्याचा दुपट्टा सोडून त्याचं तोंड पुसलं. कोरडा दुपट्टा होता, लगेच भिजला.

"वेल," बाबा म्हणाले. लोक जमल्यावरही तेवढंच. मग कोणी विचारलं नाही. त्या बाजूला आमच्या घरातलं कोणी उतरलं नाही.

६ ऑक्टोबर

आज जेवताना बाबांना सांगितलं. तुम्ही फोनवर एकदा म्हणा, पाय सोड. तुमचंच ऐकेल तो.

"मी नाई सांगत."

"काऊन?"

"नाई म्हटलं न."

"त्याची नोकरी जाईल, बाबा."

"जाऊ दे."

माय खाली बघून भात वाढत होती. तिला हवं तेच घडत होतं. तरी भात ताटाबाहेर पडला. बाबा ताटावरून उठले. इतक्या वर्षांत त्यांना असं उठताना पाहिलं नव्हतं. दादा गेला त्या दिवशीही संध्याकाळी जेवले होते.

राग आला. हट्टी म्हातारा. एक वाक्य. त्याला काय लागतं?

९ ऑक्टोबर

उदारामकाका स्वतः आले. बाबांशी धान, कीड, पाणी असं बोलत बसले. उठताना म्हणाले, "डोमनलाल, मी टाकीवर लई पोट्टे पाह्यले. पाय सोडला की पानी आपनच वर उचलते. सांगनारा पाह्यजे फक्त."

बाबा म्हणाले, "च्या घेऊन जा."

"घेतला ना आत्ताच."

"मंग जा."

१५ ऑक्टोबर

दसरा. सोनं वाटलं. बाबा दिवसभर शेतात. आज शेतात काही काम नसतं.

१७ ऑक्टोबर

सीमेवरून फौजा परत येणार, पेपरात आलं. उदारामकाकांची पिशवी दाराशी नव्हती. काकूंनी सूप भिंतीला टांगलं होतं. काका ओट्यावर बसून बूट पुसत होते. कशासाठी, विचारलं नाही.

२० ऑक्टोबर

उद्या परीक्षा. आज बूथवर बाबा आपणहून आले. नवा सदरा घालून.

माझं बोलून झालं तसा त्यांनी हात पुढे केला. रिसीव्हर कानाला उलटा लावला. मुन्नालालने न हसता सरळ करून दिला.

पलीकडून टिकेशचं "बाबा? बाबा?" मला बराच वेळ ऐकू येत होतं.

मग म्हणाले, "सोड पाय. खाली काही नसते."

रिसीव्हर ठेवला नाही, माझ्या हातात दिला. परत येताना पाळीवर थांबले, तलावाकडे पाठ करून.

२१ ऑक्टोबर

फोन नाही. माय दिव्याला बसली नाही.

२४ ऑक्टोबर

पास.

टिकेश फोनवर एकसारखा बोलत होता. फळीवरून उतरलो, पाय सरळ, खाली गेलो, खाली, खाली, मग आपोआप वर. "पानी उचलते, बाई. खरंच उचलते." पुढची शाळा डोंगरात. इंजिनाची. "समुद्र अजून जवळून पाह्यलाच नाई," म्हणाला आणि हसला.

माय रडली. कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं.

बाबांना सांगितलं. "बरं," म्हणाले. कुऱ्हाड घेऊन निघून गेले.

खाली काही नसते. हे वाक्य डोक्यातून जात नाही. खाली वेल असते, हेच तर त्यांनी शिकवलं. ते पोराला धीर द्यायला खोटं बोलले असतील. पण बाबांना खोटं बोलता येत नाही. आलं असतं तर त्या दिवशी फोनला इतका वेळ लागला नसता.

२७ ऑक्टोबर

सकाळी तलावावर गेले. सांडवा वाहतो आहे.

मला पोहता येत नाही. पाण्यातून चालत गेले. अर्जुनाच्या खोडापर्यंत. वेल कुठेच नाही, पायाखाली कडक मुरूम. खोडाला हात लावून उभी राहिले. पाणी छातीपर्यंत.

दादा माझ्याहून उंच होता.

वळले तेव्हा पाळीवर बाबा उभे होते. डोक्याला दुपट्टा. त्यांनी हाक मारली नाही. मीही नाही.