काडी टेकवून

९ ऑगस्ट ९७
तेल मोजायची काडी फडक्याने पुसून अण्णांनी पुन्हा इंजिनच्या भोकावर टेकवली, उचलली, उजेडाकडे धरली. "कमी आहे." बाटलीतून थोडं तेल ओतलं. मी व्हरांड्यात पेपर तपासत होते. काल याच वेळी ओतलं होतं. परवाही. गवत कापायच्या यंत्राला रोज तेल लागत नाही, एवढं मलाही कळतं.
विचारलं, "काल घातलंत ना?"
"काल घातलं तर आज कमी कसं दिसतं?"
मी पुढचा पेपर ओढला.

११ ऑगस्ट
सोसायटीच्या मैदानावर पांढरा धूर. आज फारच. सेक्रेटरी रमणभाई गॅलरीतून, "काका, घास कापो छो के मच्छर मारो छो?" बायका हसल्या. अण्णाही हसले. मग यंत्र बंद करून त्याच्याजवळ उकिडवे बसून राहिले.
आई गेल्यापासून हे मैदान त्यांचं. बागखात्यात तेहतीस वर्षं काढलेला माणूस. जुलैत नवं परदेशी यंत्र आलं, कमिटीने ते अण्णांच्याच ताब्यात दिलं. आता कॉन्ट्रॅक्टरचं बोलणं चालू आहे. रमणभाईंनी मला जिन्यात गाठलं. "बेन, काका हवे थाक्या. मशीन मोंघुं छे." महागाचं यंत्र थकल्या हातात नको म्हणे. कमिटी महिनाअखेरीस ठरवणार.

१२ ऑगस्ट
जूनमध्ये अण्णा अलकापुरीत स्कूटर विसरून रिक्षाने घरी आले. हसण्यावारी नेलं होतं.
आता हे. तेल घातल्याचं रोज विसरतात आणि रोज पुन्हा घालतात. दुसरा अर्थ लावून बघितला. लागत नाही.
पण पत्त्यांत संध्याकाळी मला तीनदा हरवलं. पडलेलं प्रत्येक पान लक्षात.

१३ ऑगस्ट
यंत्राबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका. आली त्याच दिवशी अण्णा म्हणाले होते, "सुधे, वाचून सांग एकदा." राहून गेलं. आज उघडली ती थेट पान ११ वर. तेल काढणे. तळाचा बोल्ट, पाना, वॉशर.
तेल घातल्यावर अण्णा चहाला आत येतात. पंधरा मिनिटं. तेवढ्यात जास्तीचं काढायचं. त्यांना सांगायचं नाही. सांगितलं तर विसरतात हेही सांगावं लागेल.

१४ ऑगस्ट
जमलं. डब्यात अर्धा कप तेल. बोल्ट आवळला. धूर नाही.
अण्णा मैदानावरून ओरडले, "ऐक! कसं चाललंय बघ!" रमणभाईंनी गॅलरीतून हात केला.

१६ ऑगस्ट
पुन्हा तेच. धूर नाही. अण्णा जेवताना खूप बोलले. कुठलं गवत कुठल्या महिन्यात कापायचं, इ. दोन पोळ्या जास्त.
आणि मी वडिलांच्या पाठीमागे रोज सकाळी…

१८ ऑगस्ट
दुपारी कॉलेजातून आले तर मैदानावर माणसं. इंजिन जाम. दोरी ओढून हलत नाही. कापलेल्या गवतावर तेलाची रेघ, यंत्राच्या वळणांसकट. तळाचा बोल्ट रमणभाईंना कुंपणापाशी सापडला. कमिटीची मीटिंग उभ्या उभ्याच झाली. कॉन्ट्रॅक्टर.
अण्णा म्हणाले, "मी त्या बोल्टला हात लावलेला नाही." मग हळू, "निदान मला तसं आठवतंय."
सकाळी बोल्ट मी बोटांनी फिरवला होता. पाना लावणार तेवढ्यात आत कप ठेवल्याचा आवाज आला.
सगळ्यांसमोर सांगता आलं असतं. गप्प राहिले. घरी आल्यावरही.

१९ ऑगस्ट
रजा. यंत्र टेम्पोत घालून डभोई रोडच्या गॅरेजात. एकटीच गेले. मिस्त्री हनीफभाई. पिस्टन चिकटलाय म्हणाले. मी आधीच्या धुराचं सांगितलं. त्यांनी विचारलं, तेल बघता कसं? अण्णा बघतात तशी काडी टेकवून दाखवली.
हसले. "आमां आंटा पूरा चडाववाना, बेन. खाली टेकवो तो ओछुं ज देखाय." काडी पूर्ण फिरवून आत बसवायची, मग बाहेर काढून बघायची. टेकवली की तेलापर्यंत नीट पोचत नाही. भरलेलं असूनही कमी दिसतं. जास्तीचं धुरात जळतं, दुसऱ्या दिवशी आणखी कमी दिसतं.
पुस्तिका पिशवीत होती. पान १०. चित्रासकट.
बागखात्यातल्या यंत्रांना काडी टेकवूनच बघत. अण्णा तेहतीस वर्षं तसंच बघत आले. आदल्या दिवशीचं तेल त्यांना आठवत होतं. म्हणूनच तर "घातलं तर कमी कसं" असं विचारलं. मी ते विसरण्यात धरलं.

संध्याकाळी सांगितलं. सगळं. पान १०, पान ११, रोजची पंधरा मिनिटं, बोल्ट. अण्णांनी पुस्तिकेतलं चित्र बराच वेळ बघितलं. मग मिटून ठेवली.
"तुझी आई असंच करायची. माझ्या हातून काही फुटलं की स्वतःवर घ्यायची."
"अण्णा, हे खरं आहे. बोल्ट मी काढला."
"तू? घरातला नळ गळला तर तू मला हाक मारतेस."
पाना आणून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला. "असू दे गं. रमणभाई बोलले त्याचं मला काही वाटत नाही."
"अण्णा, तुम्ही काही विसरला नाहीत."
"स्कूटर विसरलो होतो," म्हणाले.

२० ऑगस्ट
सकाळी अण्णांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि चपला घालून दारात उभे राहिले. म्हणाले, "विसरण्यावरचे एक डॉक्टर वासणा रोडला बसतात म्हणे. चल." मी कॉलेजात फोन केला आणि रिक्षा आणली.