सेव्ह न केलेली चादर

सोम., १० नोव्हें.
कारखान्यातले कॉम्प्युटर मी सांभाळते. डिझाइनच्या खोलीचं कुलूप आज काढलं. डिझायनर अण्णा जाऊन पंधरवडा झाला. त्यांचं मशीन चालूच. मालकांनी नुसता मॉनिटरचा पडदा बंद केला होता.
चादरीचं डिझाइन उघडं. सेव्ह केलेलं नाही. अण्णांची सवयच तशी. सेव्ह केलं की मालक अर्धवटच मागावर चढवतात. ऑटोसेव्हही बंद.
सेव्ह दाबलं. सूचना : मेमरी अपुरी. रद्द केलं. पुन्हा दाबलं आणि प्रोग्राम गोठला तर सगळं गेलं.
मेमरी ८६ टक्के.

मंगळ., ११
कोणी हात न लावता चढते. प्रोग्राम जुना, घेतलेली मेमरी सोडत नाही. प्रिंटर, अँटिव्हायरस, एकेक बंद केलं. ७९. तासाभरात ८२.
दिसतं तेवढ्याचा फोटो काढला. एक कोपरा फक्त. खाली सरकवलं की आकडा उडी मारतो.
चालू प्रोग्रामच्या यादीत वापरणाऱ्याचं नाव अण्णांचं. यादी बंद केली. परत उघडली.

गुरु., १३
८९. मालक : "मॅडम, त्या मशीनचं सुतक कधी फिटणार? ऑर्डर खोळंबलीय." शनिवारपर्यंत मुदत मागून घेतली.
दुपारी प्रोसेसरचा आकडा अचानक वर. अण्णा जेवून परत यायचे ती वेळ. शोधलं : अपडेट. थांबवलं. कारण सापडलं, तरी त्यांच्या खुर्चीवर बसले नाही. उभ्यानेच.

शुक्र., १४
९१. अण्णांची बायको, लक्ष्मीअक्का, त्यांचा डबा न्यायला आली. डिझाइन दाखवलं.
"ही आमच्या पोरीच्या लग्नाची हाय. मला बघूच दिली न्हाय कदी."
सांगितलं : सेव्ह दाबलं तर राहील किंवा जाईल. नाही दाबलं तर जाणारच.
"आज नको दाबू. आज बघू दे की."
खाली सरकवता येत नाही म्हटलं.
"मग हेवढंच बघते."
मी बाहेर जाऊन थांबले.

शनि., १५
९६. माउस हलवला की बाण मागून येतो. नवी मेमरी बसवायची तर मशीन बंद करावं लागतं. उरलंसुरलं बंद केलं. ९३. याखाली नाही.
अक्का आली. अण्णांच्या खुर्चीवर बसली. "दाब आता."
दाबलं.
पडदा पांढरा. वर अक्षरं : प्रतिसाद देत नाही.
मालक दारातून : "गेलं की हो! बटण बंद करा."
प्रोसेसर शून्यावर आलेला नाही. डिस्कचा दिवा लागतोय, विझतोय. डिझाइन लिहून घेत असेल. किंवा नुसतंच फिरत असेल. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.
"हायेत का अजून?" अक्काने विचारलं.
मालकांना म्हटलं, बटणाला हात लावायचा नाही.
ते किल्ल्या घेऊन उभे. आम्ही दोघी बसलोय.