एकेरी पल्ल्याची गाडी

अदिस अबाबा,
पागुमे महिन्याची तीन तारीख, संत रुफाएलचा दिवस

तीर्थस्वरूप वन्संना,

वुडनेशचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार (उजवा हल्ली नीट टेकत नाही, तरी टेकला असं समजावं). आम्ही सगळी देवाच्या कृपेने बरी आहोत. तुमच्या आठवणीखेरीज दुसरं दुखणं नाही. तुमचा गुडघा, तुमची गाय, भाकरीसाठी खड्ड्यात आंबत घातलेला एन्सेतचा कोचो, सगळं ठीक असेल अशी आशा करते. डोळ्यांचं विचारत नाही, कारण त्यांच्याचसाठी हे पत्र आहे.

फोन केला असता, पण तुमचा फोन तुम्ही कानापासून हातभर लांब धरता आणि मग माझं बोलणं सगळा पाडा ऐकतो. शिवाय तुमचे बंधू माझ्या मागेपुढे असतात आणि यातलं बरंचसं त्यांच्या कानावर जायला नको आहे. म्हणून माझी चुलत बहीण अमारेच सणाच्या तयारीसाठी आधी गावी निघाली आहे, तिच्या हाती पत्र देते. एक विनंती आहे. हे पत्र कोणाच्या आवाजात ऐकू येतंय याकडे तूर्त लक्ष देऊ नये. आवाज देवाने दिलेला असतो, मजकूर माझा आहे. पत्र संपेपर्यंत उठू नये आणि काठी हातात घेऊ नये. वाचणाऱ्याला तूर्त पाणीही विचारायची गरज नाही, ते शेवटी बघू. (वाचणाऱ्याने कंसातला मजकूर गाळू नये. तोही शाई खर्चून लिहिला आहे.)

तर वन्सं, गाडी आली. विजेवरची, नवी कोरी, पांढरी. नवी कोरी म्हणजे किती नवी, ते पुढे सांगते.

तुम्ही वोल्किटेच्या बस थांब्यावर पडलात आणि यापुढे बसमध्ये पाय ठेवणार नाही अशी मारियमची शपथ घेतलीत, त्याला आता सहा वर्षं झाली. "भावाला न्यायचं असेल तर त्याने स्वतःच्या गाडीतून न्यावं, नाहीतर मी इथेच बरी," हे तुमचे शब्द. तुम्ही ते रागाने बोललात, तुमच्या बंधूंनी ते धरून ठेवले. चौदा वर्षांचे असताना ते शहराकडे निघाले तेव्हा तुम्ही डोक्यावर शिदोरी घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत अख्खा दिवस त्यांच्याबरोबर चालत आल्या होतात. ही गोष्ट ते मला लग्नापासून दर मेस्केलच्या सणाला सांगतात आणि दरवेळी त्यात एक टेकडी वाढते. मग डॉक्टरांनी तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला आणि गाडीचा विषय हौसेचा राहिला नाही.

आता माझा गुन्हा ऐका. तुमच्या बंधूंच्या नावाची भिशी लागून दीड वर्ष झालं. तेव्हा, म्हणजे मोठ्या उपवासाच्या थोडं आधी, आम्ही पहिल्यांदा दुकानात गेलो. पेट्रोलच्या नव्या गाड्या देशात येणं बंद झालं होतं, त्यामुळे कुठली घ्यायची हा प्रश्न सरकारनेच सोडवला होता. दारातच एक पांढरी गाडी उभी होती. काचेवर पाटी होती, 'मॉडेल २०१६'. वन्सं, मी मॅट्रिक झालेली बाई. बाहेरचं पंचांग आपल्यापुढे सात-आठ वर्षं धावतं हे मला ठाऊक आहे आणि गाड्या बाहेरून येतात हेही ठाऊक आहे. मी बोटांवर मोजलं. परदेशी दोन हजार सोळा म्हणजे आठ वर्षांची जुनी गाडी! आठ वर्षांची बॅटरी म्हणजे तिच्यात उरलं काय? मी त्या विक्रेत्याला (नाव सुराफेल, पोरगेलासा, पण टाय लावतो) भर दुकानात धारेवर धरलं. म्हटलं, "बाबा, तुझ्या नावात देवदूत आहे, त्याची तरी लाज बाळग."

तो म्हणाला, "मावशी, हे आपलं दोन हजार सोळा आहे. याच वर्षीची गाडी आहे. मालकांचा हुकूम आहे की दुकानात सगळं आपल्या पंचांगाप्रमाणे लिहायचं."

"मोटारीचं वर्ष कोणी आपल्या पंचांगात सांगतं का रे? मोटारीचा बाप्तिस्मा आपल्या चर्चमध्ये झालाय का?"

तुमचे बंधू माझी बाही ओढत होते. मी त्यांनाही ओढून बाहेर आणलं. ती गाडी त्याच वर्षाची होती, हे मला पुढच्या आठवड्यात शेजारणीच्या मुलीने कागद दाखवून पटवलं. पण तोवर उपवास सुरू झाले होते. पंचावन्न दिवस दूध-लोणी वर्ज्य आणि आपण नव्या गाडीत बसून मिरवायचं हे मला बरं वाटेना. ईस्टर होऊ दे म्हटलं.

ईस्टर झाला. मग सुराफेलनेच (माझ्यावर सूड म्हणून नसावं) सांगितलं की वर्ष बदलताना जुन्या मॉडेलची किंमत उतरते, थोडं थांबा. हे माझ्या मनाला फार पटलं. मी तर त्याच्यावर विचार करत बसले. सगळं जग जानेवारीत वर्ष बदलतं. मेस्केरेममध्ये, पाऊस सरून पिवळी फुलं येतात तेव्हा वर्ष बदलणारे दोघेच, एक आपण आणि दुसरे मोटारींचे कारखाने. त्यांचं नवं मॉडेल त्याच सुमाराला निघतं म्हणे. मला त्यात देवाचा हात दिसला. तुमच्या बंधूंना म्हटलं, नव्या वर्षापर्यंत थांबू. ते म्हणाले, "अगं, डोळे थांबतील का?" मी म्हटलं, मोतीबिंदू पिकावा लागतो. (हे मी म्हटलं होतं. लिहून ठेवते, नाकारत नाही.)

नव्या वर्षाच्या आधी हामले महिन्यात सरकारने डॉलर मोकळा सोडला आणि आपला बिर असा घसरला की तीच गाडी दीडपट झाली. किंमत खाली येईल म्हणून थांबले, आली नाही. मग सुराफेल म्हणाला की पुढच्या मॉडेलमध्ये बॅटरी मोठी येणार आहे. त्याच्यासाठी थांबले. गेला मेस्केल तसाच गेला. आम्ही बसने आलो. तुम्ही दारात उभ्या होतात आणि तुमच्या बंधूंच्या चेहऱ्यावरून हात फिरवून "हा कोण, हाब्ते की त्याचा मुलगा?" असं विचारलंत. आम्ही सगळे हसलो, तुम्हीही हसलात. परतताना मी खिडकीबाहेर बघत बसले आणि मनात म्हटलं, वुडनेश, दरवर्षी जास्त चांगली गाडी येणार आहे हे खरं. पण दरवर्षीच्या वन्सं गेल्या वर्षीपेक्षा चांगल्या येणार आहेत का?

तरी खोड जाते का? या नेहासे महिन्यात अखेर घ्यायचं ठरवून गेलो, तर दुकानात दोन पांढऱ्या गाड्या शेजारी उभ्या. जुळ्या बहिणीच. एक नव्या मॉडेलची, एक जुन्या. नवीची बॅटरी मोठी, सुराफेलच्या म्हणण्याप्रमाणे चारशे किलोमीटर सहज जाते. जुनी त्याच्या कागदावर तीनशे. जुनी पुष्कळ स्वस्त. तुमचे बंधू नवीच्या दारावर हात ठेवून उभे राहिले, कोकरू निवडताना ठेवतात तसा. मी विचारलं, "आपल्याला रोज जायचं कुठे? चर्चला आणि मेर्काटोच्या बाजारात. त्याला चारशे कशाला?" त्यांनी हात काढून घेतला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

जुनी घेतली. पैसे भरून, कागद करून, घरी आणून मी तिला ओल्या फडक्याने पुसायला घेतलं. दाराच्या आतल्या बाजूला कारखान्याची पट्टी असते, तिच्यावर गाडी कधी बनली ते लिहिलेलं असतं. आणि काचेवर वरच्या कोपऱ्यात चिकटपट्टीचा डाग होता. घासता घासता त्यात अक्षरं दिसली. 'मॉडेल २०१६.'

वन्सं, तीच गाडी! दुकानात शोभेला ठेवलेली म्हणून इतके दिवस विकली गेली नव्हती. मी तिला म्हातारी म्हणून हाकलून दिली तेव्हा ती कोवळी होती. दीड वर्ष तिने दुकानात बसून माझी वाट पाहिली आणि खरोखर जुनी झाली, तेव्हा मी तिला जास्त किंमत मोजून घरी आणली. मी फडकं तसंच ठेवून ओट्यावर बसले. तुमचे बंधू येऊन बघून गेले. मला वाटलं आता बोलतील. ते एवढंच म्हणाले, "ओळखीची निघाली, बरं झालं." या माणसाला रागवता येत नाही, हा दोष तुम्ही लहानपणीच काढायला हवा होता.

आज रुफाएलचा पाऊस. पहाटे आळीतली सगळी पोरं नेहमीप्रमाणे या पवित्र पावसात नाचली. मीही गाडी अंगणाच्या मध्यभागी लावायला सांगितली आणि पोट भरून भिजू दिली. तुमचे बंधू विजेची म्हणून घाबरले होते. म्हटलं, तिच्यावरचं माझं पाप धुवायचं आहे, तिचं इंजिन नाही. (तिला इंजिनच नाही, हे त्यांनी मला मागून समजावलं.)

मेस्केलच्या आदल्या दिवशी आम्ही गाडीने येतो आहोत. लोणी आणि कॉफी इकडून आणते, मांस तिकडचं. बाकी क्षेम. देव तुम्हाला आमच्यासाठी राखो.

तुमची लहान भावजय,
वुडनेश

ता. क. मेस्केलनंतर पंधराव्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख मिळाली आहे. सणानंतर तुम्ही आमच्याबरोबर गाडीने यायचं. नवा गाबी विणून घेतला आहे, अंगावर तोच घ्या. तुमचा जुना पांघरलेला दिसला तर मी बोलणार नाही, पण डॉक्टरांच्या बायका बघतात.

ता. क. दुसरा. आता जे तुमच्या बंधूंपासून लपवलं आहे ते. परवा आम्ही बिशोफ्तूला जाऊन आलो. जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर. मी वहीत उतरवलं. बॅटरीच्या शंभरातले सदतीस खर्च झाले. तुमचं गाव एकशे पंच्याण्णव किलोमीटर. म्हणजे आम्ही तुमच्या दारात येऊ तेव्हा शंभरातले वीस उरतील आणि वाटेत विश्वास ठेवावा असं वीज भरायचं ठिकाण एकही नाही. वन्सं, गाडी तुमच्यापर्यंत येते. परत येत नाही. नवी घेतली असती, तर तिचे चारशे खरे धरून जाऊन-येऊन झालं असतं. तुमच्या बंधूंनी दुकानात हात ठेवला होता तो याच हिशेबाने. त्यांनी सगळ्या आळीला सांगितलं आहे की या वेळी बहीण गाडीतून येणार. तीनशेत जे कमी पडेल ते रात्रभर तुमच्या घरी भरून घेऊ असं ते धरून आहेत, आणि मला त्यांना कागदावरचे तीनशे खोटे आहेत असं सांगायचा धीर नाही.

तुमच्या घरच्या तारेवर दिवा लावला की रेडिओ दमतो, तिच्यावर गाडी भरायची म्हणजे दुसरा मेस्केल यायचा. सुराफेल म्हणतो, जाड तारेची मोठी लाइन हवी. अशी लाइन तुमच्या पाड्यात एकाच ठिकाणी आहे, चक्कीवर. (चक्कीवाल्याचं नाव घेत नाही. अकरा वर्षांत तुमच्या उंबरठ्याच्या आत ते कोणी घेतलेलं नाही. पिठासारखा दुसऱ्याच्या अंगणात पसरणारा माणूस, असं तुम्ही म्हणता, तेवढंच लिहिते.) त्याने विजेचा खांब तुमच्या एन्सेतच्या वाफ्यात रोवला आणि तुमच्या आईने लावलेली दोन झाडं तोडली, हे मी विसरलेले नाही. तेव्हापासून तुम्ही धान्य डोक्यावर घेऊन ओढ्यापलीकडच्या चक्कीला जाता, आणि आता तर दुसऱ्याचा हात धरून जाता. पण मेस्केलच्या आत आपल्यात भांडणं मिटवायचीच रीत आहे, अबोला कोणी ठेवत नाही. ठेवणारे तुम्ही दोघेच, आणि तेही अकरा मेस्केल.

ता. क. तिसरा, शेवटचा. हा वन्संसाठी नाही.

केर्गाभावजी, अमारेचला मी बजावून सांगितलं होतं की पत्र चक्कीवर तुमच्याच हातात द्यायचं आणि "डोळे गेलेल्या बाईला वाचून दाखवा" एवढंच म्हणायचं. तुम्ही नाही म्हणणार नाही हे मला ठाऊक होतं. इथपर्यंत मोठ्याने वाचलंत, पिठाचं वाक्यसुद्धा गाळलं नसेल अशी आशा करते. ते वन्संचं आहे. माझं म्हणणं इतकंच आहे की गाडी भरायला नऊ तास लागतील आणि त्यांचे पैसे मी देणार. झाडांचं काय द्यायचं ते तुम्ही बघा. तुमच्या परड्यात एन्सेतची रोपं पुष्कळ आहेत, येताना बसमधून दिसतात.

आणि वन्सं, तुम्ही पहिल्याच ओळीला आवाज ओळखला होतात आणि तरी बसून राहिलात. इतकं वाचून त्यांचा घसा सुकला असेल. कॉफी टाका.